समोरच्या कॉफीवर माझा बहिष्कार

३ सप्टेंबर, सकाळी ७

भाषणाचा खर्डा: तुतजोर मोहल्ल्यातल्या चहा पिणाऱ्या माणसांनो! आपलं सगळ्यांचं दुःख एकच आहे. आपल्याच गल्लीत आपल्याला बूड टेकायला जागा उरलेली नाही. टोप्या शिवणाऱ्याचं दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. पुस्तकांचं दुकान गेलं, तिथे कच्चा मासा विकतात. इथून समुद्र गाठायला दोन देश ओलांडावे लागतात, आणि हे म्हणे ताजा मासा! शंभर वर्षांचा तंदूर फोडून तिथे नखं रंगवायचं दुकान काढलं. आणि आता होशिमच्या चहाखान्यासमोर, बरोब्बर समोर, कॉफी!

आवाज चढवायच्या जागांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. ओयदिनला वाचून दाखवला. कणीक मळता मळता ती म्हणाली, ऐकवणार कुणाला? चहाखान्यात सगळे मिळून नऊ जण, त्यातले दोन झोपलेले.

बायकोला इतिहासाची दृष्टी नाही.

निश्चय: महिनाअखेर कॉफीला टाळं.

५ सप्टेंबर

आज शत्रूचं उद्घाटन. मी फक्त पाहणीसाठी गेलो. मालकीण कोण, तर नफिसा, कुलपं दुरुस्त करणाऱ्या रहिमची मुलगी. माझ्या वर्गात तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायची. तेव्हा ती काय बघत होती ते आज कळलं. दुकानाची जागा!

छातीवर हात ठेवून म्हणाली, मास्तर, या, बसा. आणि पुढ्यात कॉफी ठेवली. काठोकाठ! पाहुण्याला दोन घोट ओतायचे, ते संपले की पुन्हा दोन, म्हणजे तो हवाहवासा वाटतो, हे या शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे प्या आणि निघा. पहिल्याच पेल्याला मला, बुरहान मास्तरला, दार दाखवलं!

तिला म्हटलं, हा अपमान आहे. ती म्हणाली, मास्तर, कॉफीचा कप असाच भरतात हो, सगळ्यांनाच. म्हणजे सगळ्यांचाच अपमान!

ताडकन उठलो. (कॉफी संपवून. अन्न टाकणं पाप आहे.)

७ सप्टेंबर

तिच्या काचेच्या दारावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला: ‘बुरहान मास्तर या दारात पाऊल ठेवणार नाही.’ खाली सही.

नफिसाने तो फाडला नाही. हिंमतच नाही.

१० सप्टेंबर

चहाखान्यात रेशमाच्या व्यापारावर अडीच तास बोललो. सगळे इतके तल्लीन की एकानेही मध्ये तोंड उघडलं नाही. माझा चहा होशिम स्वतः ओततो, इतरांना त्यांचा त्यांना ओतून घ्यावा लागतो. पेला काठोकाठ भरतो बिचारा. समोरच्या संकटाने हात थरथरतात त्याचे. शिवाय आमची चाळीस वर्षांची दोस्ती. जिवाभावाच्या माणसांत कसले आलेत रीतिरिवाज?

दीड तासाने तोलिब-अका उठले. मोहल्ल्याचे वडीलधारे. म्हणाले, गुडघे. डॉक्टरांनी तख्तावर, म्हणजे चहाखान्याच्या लाकडी बैठकीवर, मांडी घालून बसायला बंदी केली आहे.

१४ सप्टेंबर

चहाखान्यात पाच जण. बाकीच्यांचेही गुडघे. साथ असावी.

तुतीच्या झाडाआड उभं राहून कॉफीच्या दुकानावर नजर ठेवली. आत तोलिब-अका! खुर्चीत. हसत होते. माझ्यासमोर या माणसाचे दात मी कधी पाहिलेले नाहीत.

बाहेर आल्यावर जाब विचारला. म्हणाले, मास्तर, आत शिरताना दारावर तुमचं नाव वाचलं की कसं निर्धास्त वाटतं.

मी भारावून गेलो. माझ्या नावाने लोकांना बळ येतं. अका आत जाऊन शत्रूची माहिती काढत असणार.

नफिसाने माझ्या कागदावर प्लास्टिक चढवलं आहे, पावसाने भिजू नये म्हणून. घाबरली आहे.

२१ सप्टेंबर

चहाखान्यात तिघं. श्रोते घटले की वक्त्याने दुप्पट जोर लावायचा असतो. चार तास बोललो. होशिम तीनदा म्हणाला, मास्तर, ओयदिनबाई वाट बघत असतील. कुणाच्या संसाराची इतकी काळजी करणारा माणूस आज सापडत नाही. पेला असा भरला की चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर ओघळला. प्रेम उतू जातं म्हणतात ते हेच.

२६ सप्टेंबर

घरातच फितुरी! ओयदिन कॉफीच्या दुकानात जाते. गेले दोन आठवडे. दर मंगळवारी. मी विचारलं, का? ती शांतपणे म्हणाली, चाळीस वर्षं या गल्लीत राहते, तुमच्या त्या चहाखान्यात मला कधी कुणी या, बसा म्हटलं? आणि नफिसाकडे माझं वाक्य पूर्ण होतं.

मी तिला चहाखान्याची परंपरा समजावून सांगायला लागलो. तिने चपला घातल्या.

मंगळवार नव्हता.

३० सप्टेंबर

महिनाअखेर. कॉफी उघडी. मुदत पंधरा दिवसांनी वाढवली. सगळ्या मोठ्या चळवळींना वेळ लागतो.

चहाखान्यात मी आणि होशिम. त्याला खास ताज्या विचारांचा लाभ दिला. तो उभ्याउभ्याच ऐकत होता, खांद्यावर टॉवेल टाकून. पेला काठोकाठ.

२ ऑक्टोबर

चहाखान्याला कुलूप. रहिमच्याच दुकानातलं.

होशिम चहाचं पाणी उकळायचा समोवार हातगाडीवर चढवत होता. मी धावलो. म्हटलं, होशिम, कुणी केलं हे? नाव सांग, आजच्या आज मोर्चा काढतो! तो दोरी आवळत राहिला. मग म्हणाला, मास्तर, तुम्ही माझी मुलं शिकवलीत. तुम्हाला तोंडाने जा म्हणायला माझी जीभ रेटेना. नवरोजपासून तुमचा पेला काठोकाठ भरतोय. वसंत गेला, उन्हाळा गेला. अजून किती भरू?

हातगाडी रस्ता ओलांडून गेली. नफिसाने दार उघडून धरलं.

रेशमाच्या व्यापाराबद्दल त्याला काहीतरी सांगायचं राहिलं होतं. आठवेना.

३ ऑक्टोबर

काही लिहिण्यासारखं नाही.

दुपारी घरी चहा केला. ओयदिन बाहेर. स्वतःच ओतला. किती ओतावा ते ठरेना.

५ ऑक्टोबर, दुपारी ४

तुतीखाली उभा होतो. काचेतून सगळं दिसतं. नफिसाने कोपऱ्यातल्या खुर्च्या काढून होशिमचं तख्त मांडलं आहे. समोवारमधून वाफ निघते आहे. तख्तावर तोलिब-अका, मांडी घालून. गुडघे ठीक दिसतात. पलीकडच्या टेबलावर ओयदिन काहीतरी सांगते आहे आणि दोन बाया पोट धरून हसताहेत. ती इतकी विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं. सगळे एकदम बोलत होते. होशिम अकांच्या पेल्यात दोन घोट ओतत होता. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

मला आत जायला कुणीच मनाई केलेली नाही. दारावर कागद आहे, पण अक्षर माझं आहे.

चाळीस मिनिटं उभा राहिलो आणि एक शब्दही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन नवीन खर्डा. तुतजोर मोहल्ल्यातल्या चहा पिणाऱ्या माणसांनो! (खोडलं.) मित्रहो! (खोडलं.) लाल पेन्सिल परत खणात ठेवली. उद्या दारापाशी जाऊन एवढंच म्हणायचं, हळू आवाजात:

होशिम, माझा पेला अर्धाच भर.