बाजू घेतली का?

शुक्र., २ जाने.
कसब्यातून दोन बस बदलून विश्रांतवाडीची शाळा. निवृत्तीनंतरचा माझा नवा उद्योग: नववीला वर्तमानपत्रातून नागरिकशास्त्र. महापालिकेची निवडणूक तोंडावर, त्यामुळे पाठ्यपुस्तक रोज सकाळी दारात पडतं.

आजची बातमी शाळेमागच्याच गल्लीची. 'पाणीप्रश्न सुटला', असं एका उमेदवाराचं म्हणणं. श्रावणी त्याच गल्लीत राहते. उठून म्हणाली, "सर, प्रश्न सुटला असेल. पाणी सुटलेलं नाहीये."

वर्ग हसत सुटला. मीही. इतकं चांगलं शीर्षक मला नोकरीत कधी सुचलं नाही.

मग खरं काम. गल्लीचं ऐकलंत, आता उमेदवाराची बाजू घ्या. फळ्यावर लिहिलं: बाजू घेतली का? पेपरात असताना डेस्कवर बातमीदारांना दिवसातून दहा वेळा विचारायचो. श्रावणी आणि दोन मैत्रिणी उद्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात जाणार. दोन्ही बाजू मिळून भित्तिपत्रक.

शनि., ३ जाने.
मुख्याध्यापिका कांबळे बाईंचा फोन. श्रावणीच्या आईची तक्रार आली आहे. "आमच्या नळाला थेंब नाही, आणि सर पोरीला त्या उमेदवाराची बाजू घ्यायला सांगतात."

मी आधी हसलो. चूक. मग समजावलं की बाजू घेणं म्हणजे आमच्या धंद्यात त्यांचं म्हणणं विचारून लिहिणं. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. "अहो, पुढचा फोन आला की मी पालकांना मराठीचा तास देऊ का?"

ठरलं ते असं: सोमवारी आई वर्गात बसतील. त्यांना पटलं नाही तर मतदान होईपर्यंत माझा तास बंद. नंतर कोण चालू करतंय. निवडणूक संपली की वर्तमानपत्रं रद्दीत.

सोम., ५ जाने.
आई शेवटच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

श्रावणीनं कार्यालयातली मुलाखत वाचली. तिथले काका म्हणाले, पाइपलाइन मंजूर झाली आहे, काम सुरू व्हायचंय. "मग प्रश्न सुटला कसा?" असं हिनं विचारल्यावर काकांनी तिघींना चहा दिला. वर म्हणाले, माझं नाव नको, सूत्र म्हणून लिहा. हिनं हेही वाचून दाखवलं.

मागून आई: "त्यांना चहा पिऊन विचारलंस. आणि माझी बाजू?"

"आई, तुझी घेतली की. काल तू भांडी घासताना बोलत होतीस, मी लिहीत होते."

"सगळं लिहिलंस?"

"शिव्या काढल्या."

आईच आधी हसल्या. मग वही मागून घेतली, उभं राहून स्वतःचं म्हणणं वाचलं. टँकरची वेळ चुकली होती, ती सुधारली. जाताना मला म्हणाल्या, "सर, 'म्हणणं घ्या' असं सांगितलं असतंत तर माझा फोन वाचला असता." बरोबर आहे. इतक्या वर्षांत कुणी माझा मजकूर इतका नेमका दुरुस्त केला नव्हता.

बाई मात्र अजून हो म्हणाल्या नाहीत. "आता उमेदवाराकडून फोन येईल. भित्तिपत्रकाचा कागद आधी मला दाखवा, मग तासाचं बघू."

बुध., ७ जाने.
भित्तिपत्रक तयार. शीर्षकावर मुलांनी हात वर करून मतं घेतली: 'पाइपलाइनला मंजूरी, पाणी अजून सुटायचंय'. मी पेन खिशातच ठेवलं. जड गेलं.

बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. श्रावणी दारात एका पायावर. बाईंनी लाल पेन काढलं, 'मंजूरी'चा जू ऱ्हस्व केला आणि कागद टेबलावरच ठेवला. "उद्या सांगते."

बाहेर श्रावणी: "सर, हो म्हणाल्या की नाही?"

जी बातमी छापायचीच नाही, तिचा उकार कुणी सुधारत बसत नाही. तिला एवढंच म्हटलं, "रंगीत खडूंचा डबा घेऊन ठेव. शीर्षक रंगवायचंय."