जर्दाळूचा बहर आणि माझं नेतृत्व

१९ फेब्रुवारी, गुरुवार
लडाखला जायचं ठरलं! फ्लेवियानं मोबाइलवर फोटो दाखवला. उघडेबोडके डोंगर आणि मधे जर्दाळूचं एक झाड, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी गच्च. म्हणाली, एकदा या झाडाखाली बसायचंय, बस. लग्न झाल्यापासून बायकोनं पहिल्यांदाच काही मागितलं. (ती म्हणते पुष्कळदा मागितलं, तू टीव्ही बघत होतास.) शब्द दिला. ईस्टर झाला की निघायचं. तिचा चेहरा असा खुलला की मीच लाजलो. त्या झाडाखाली हा चेहरा बघायचा. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार
बाकी काही नाही कसं? एवढं लांब जाऊन झाडाखाली बसायचं? झाडं आपल्या अंधेरीच्या आंबोली गावठाणातपण आहेत. सकाळी एक्सेल उघडलं. आयुष्यभर औषध कंपनीच्या डिस्पॅचला होतो, प्लॅनिंग आपल्याला कोणी शिकवू नये. मस्ट-सी ठिकाणं: लेह पॅलेस, शांती स्तूप, ठिकसे गोंपा, हेमिस, मॅग्नेटिक हिल, खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग. बहर शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. फ्लेवियानं विचारलं, फुलं तोवर थांबतील का? म्हटलं, झाडं काय पळून जातात?

१ मार्च, रविवार
मेव्हणा नेल्सन आणि त्याची बायको ज्युलियाही येणार. लीडर अर्थातच मी. लेंटचे उपास चालू आहेत, ईस्टरपर्यंत बियर बंद, तर लगे हाथ ट्रेनिंगपण. चर्चमधली मिस्सा आटोपून गिल्बर्ट हिल चढायला गेलो. अंधेरीतलं हाय-अल्टिट्यूड म्हणजे हेच. आज फक्त पायथ्याचा अभ्यास केला. उसाचा रस उत्तम.

१५ मार्च, रविवार
गिल्बर्ट हिल. अर्ध्यावरून परत. ऊन होतं. शिवाय सगळी ताकद इथेच संपवली तर तिकडे काय नेऊ?

नेल्सन म्हणतो, वय झालं, डॉक्टरला दाखवून घेऊ, तिकडे हवा विरळ असते. त्याला समजावलं की आपण समुद्राजवळची माणसं, जन्मभर जाड हवा खाल्लीय, छातीत स्टॉक भरपूर आहे. नंतर कळलं की ते तिघं गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले.

९ एप्रिल, गुरुवार
पॅकिंग. तिकडचं जेवण मिळमिळीत असणार, म्हणून बॉटल मसाला घेतला. फ्लेविया म्हणाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भर. छे! आपण ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळ ख्रिस्ती. बॉटल मसाला बाटलीतच राहतो, म्हणून तर त्याचं नाव तसं. माझ्या आईच्या पद्धतीनं बियरच्या बाटलीत काठीनं ठासून भरला, बूच मारलं, वर मेण. ही बाटली कोणाच्या बापाला उघडायची नाही.

१० एप्रिल, शुक्रवार. लेह
झकास! हॉटेलवाला म्हणाला, दोन दिवस नुसतं पडून राहा. बाकीचे तिघं लगेच पडले. मी त्याला हसून सांगितलं की आराम पुणेकरांसाठी, आम्ही मुंबईचे. एकटाच शांती स्तूप बघायला निघालो. पाहिला. गाडीतून. पायऱ्या फार होत्या.

संध्याकाळी डोकं दुखतंय. उशी खराब आहे.

११ एप्रिल, शनिवार
ठिकसे गोंपा, म्हणजे टेकडीवरचा बौद्ध मठ. तिघं हळूहळू वर गेले. मी खाली राहून गाडीवर लक्ष ठेवलं. ड्रायव्हर गाडीतच होता, पण तरी. यादीत टिक केलं.

डोकं अजून दुखतंय. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

हॉटेलवाला म्हणतो, खालच्या गावांत बहर आत्ता ऐन भरात आहे, वारा सुटायच्या आत उद्याच जाऊन या. फ्लेवियानं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, उद्या खारदुंग ला खिंड आणि पलीकडे नुब्रा, शेड्यूल म्हणजे शेड्यूल. ती उठून उद्याची बॅग भरायला लागली. पटलं असावं.

१२ एप्रिल, रविवार. हॉस्पिटल, लेह
वाट लागली.

नुब्राच्या कॅम्पवर कुकला आपलं चिकन शिकवायचं म्हणून बाटली बरोबर घेतली होती. जॅकेटच्या आत, पोटाशी. गाडीचा हीटर फुल. सतरा हजार फुटांच्या वर, खारदुंग ला दोन वळणांवर असताना, माझ्या पोटाशी ठो! बूच उडून टपाला आपटलं. आई गं, बाटलीतला अर्धा मसाला गाडीभर. बाहेर हवा विरळ, आतली दाबून भरलेली, तर बूच राहील कशाला? हे आईला कसं माहीत असणार, ती वसईच्या पुढे गेली नव्हती.

पाचही जणांना शिंका सुरू. ड्रायव्हर एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्यानं गाडी कडेला घेत, लडाखीत काहीतरी म्हणत होता. जेजू ख्रिस्ताचं नाव नक्कीच घेत नव्हता. बाकीचे बाहेर पडून शिंकून मोकळे झाले. माझी एक शिंक झाली की दुसरीसाठी श्वासच मिळेना. ओठ निळे पडले, असं ज्युलिया म्हणते. ज्युलिया वाढवून सांगते. पण मला चक्कर आली, आणि गाडी वळवली, हे खरं.

खारदुंग ला: जवळजवळ पाहिला.

१३ एप्रिल, सोमवार
नाकात ऑक्सिजनची नळी. डॉक्टर म्हणाला, हलायचं नाही. मी मोठ्या मनानं फ्लेवियाला म्हटलं, जा तू बहर बघायला, माझी काळजी करू नकोस. तेव्हा तिच्या पायात बूट होते आणि नेल्सन खाली गाडीत बसला होता.

संध्याकाळी आली. गाल लाल, केसांत पाकळ्या. बोलत होती, बोलत होती, थांबेचना. गावातल्या एका बाईनं अंगणात बसवलं, चहा दिला, भाषा कोणालाच कळत नव्हती, तरी दोघी तासभर हसल्या. हे सगळं ती नर्सला सांगत होती. मी पलीकडच्या कॉटवर असल्यासारखा ऐकत होतो.

फार वाईट वाटलं. ज्या चेहऱ्यासाठी आलो तो नेल्सननं बघितला. आणि नेल्सनला त्याचं काही नाही, तो म्हणतो चहा खारट होता.

१५ एप्रिल, बुधवार
डॉक्टरच्या हातापाया पडलो की एक तास सोडा, झाड बघून येतो. तो म्हणाला, कालच्या वाऱ्यात फुलं गेली, आणि तुम्हीपण जा, उद्याच्या विमानानं.

१९ एप्रिल, रविवार. अंधेरी
मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात लोकांनी घेरलं. फ्लेवियाचे फोटो दाखवत मस्ट-सी ठिकाणं समजावून सांगितली. चांगलंच रंगलं. मग सुनंदा टीचरनं विचारलं, बहराला वास असतो का हो? मी फ्लेवियाकडे बघितलं. ती म्हणाली, असतो. मग मीपण म्हटलं, असतो.

२६ एप्रिल, रविवार
कळलं की फ्लेविया आणि ज्युलिया पुढच्या वर्षी परत चालल्यात. एकच गाव, त्या बाईकडेच राहायचं, सकाळपासून झाडाखाली बसायचं. म्हटलं, प्लॅनिंग करून देतो. फ्लेविया म्हणाली, करायला काही नाहीच. मग मी जरा आडून विचारलं की जागा आहे का एखादी. डॉक्टरला आधी दाखवीन, पहिले दोन दिवस पडून राहीन, यादी करणार नाही, तोंड उघडणार नाही. म्हणाली, ज्युलियाला विचारून सांगते.

दुपारी ज्युलियाच्या घरी गेलो. ती म्हणाली, फ्लेविया म्हणेल तसं.

घरी येऊन फ्लेवियाला सांगितलं. ती म्हणाली, हो, पण ज्युलियाला काय वाटतंय?

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी म्हटलं, एअरपोर्टला सोडायला तरी मी येईन.

हे तिनं लगेच मान्य केलं.