पितळेचा आवाज भारदस्त असतो

१ ऑगस्ट १९९९, रविवार

आजपासून कुणावर हात उचलायचा नाही. कायमचं ठरलं. माझा स्वभाव मुळात शांत आहे. लोक मध्ये येतात.

कुरुंद्याला महादेवाच्या देवळात भजनी मंडळ बसलं होतं. मंडळ रामकिशनकाकांचं, पेटी तेच वाजवतात. आज फार खुशीत. परभणी रेडिओचं बोलावणं आलंय, ऑक्टोबरात रेकॉर्डिंग. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पण बासरीवाला एकच न्यायचा आहे आणि मंडळात आम्ही दोघं. एक मी. दुसरा यंदाच घुसलेला माझा साला, गुलाबचंद. धंदा लाईट फिटिंगचा, अंगानं म्हैस.

मी वाजवायला घेतलं. वरच्या सुराला आवाज फाटला. काका म्हणाले, देविदास, सूर फाटून राहिला रे. मी सांगितलं, पावसाळ्यात बांबू ओल धरतो, त्याला मी काय करू? गुलाबचंद हसला. मी बासरी त्याच्या डोक्यावर ठेवली. जरा जोरात ठेवली असेल. डोक्याला काही झालं नाही, बासरी उभी चिरली. बांबू हे मटेरियलच कच्चं, याला आणखी काय प्रूफ पाहिजे?

हात उचलायचा नाही, हे उद्यापासून.

२ ऑगस्ट

शिला बोलत नाही. भावाच्या डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ आलंय म्हणते. काहून मारलं, एवढंच विचारते. मारलं नाही, मटेरियल तपासलं. बायकांना टेक्निकल गोष्ट समजत नाही.

निर्णय: पितळेची बासरी करायची. मी आयटीआय पास टर्नर. वसमतला मी कामाला आहे त्या वर्कशॉपात लेथ आहे, पाईप आहे. विचार असा की जड वस्तूचा आवाज जड. देवळात घंटा पितळेची असते. लाकडाची टांगली असती तर देव तरी उठला असता का?

७ ऑगस्ट, शनिवार

बासरी तयार! फुटक्या बांबूच्या मापानं पाईप कापला, तेवढ्याच अंतरावर भोकं पाडली. हातात घेतली की वजन कळतं. झोपलेला माणूस उठून बसेल अशी चीज.

तोंडाला लावली. फुंकायच्या भोकाची कड धारेची राहिली होती, खालचा ओठ कापला. रक्त शर्टावर. आवाज आला नाही, नुसती हवा. पितळ नवं आहे, ते आधी मोकळं व्हावं लागतं.

मालक म्हणाले, कामाच्या टायमाला हे काय चाललंय? मी शांतपणे लेथची चक-की, म्हणजे लोखंडी चावी, फेकली. कुणाला नाही, भिंतीला. भिंतीजवळ मालकांचा मेहुणा उभा होता, ही माझी चूक नाही. मालकांनी आठ दिवसांची रजा दिली. न मागता.

१५ ऑगस्ट, सकाळी ११

झेंडावंदन झालं. रागावर ताबा चांगला आहे.

गुलाबचंदनं पण बासरी केली. कशाची? वायरिंगच्या पाईपाची! भिंतीत गाडायची वस्तू. वर माप माझ्याच बासरीचं घेतलंय, चोर. काका म्हणतात, गोड वाजते. मी सांगितलं, प्लास्टिकमधून गोड निघूच शकत नाही, सायन्समध्ये बसत नाही.

१५ ऑगस्ट, दुपारी

ताबा गेला. कारण देतो.

पारावर गुलाबचंद लोकांना शिकवून राहिला होता. नळी कशाचीबी असो दाजी, म्हणे, वाजते ती आतली हवा. भोक बराबर पाहिजे, कड बराबर पाहिजे. पितळ हाय का प्लास्टिक हाय, हवेला काय ठाव? मी म्हणालो, मग सोड्याची बाटली वाजव की. त्यानं वाजवली. बरी वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाटली मी घेतली आणि दगडावर आपटली. एक काच त्याच्या पायात गेली. त्यानं मला कमरेला धरून उचललं आणि गुरांच्या हौदात घातलं. दोनदा. दुसऱ्यांदा डोकं खाली. हौदाच्या तळाशी माणूस विचार करू शकतो. मला सुचलं की पितळेच्या बासरीला फक्त डिझाइन कमी पडतंय.

२२ ऑगस्ट, रविवार

डिझाइन सुधारलं. ओठ टेकायला पत्रा लागतो. शिलाची आमटीची पळी सपाट करून तिचा पत्रा काढला आणि भोकाभोवती बसवला. टोकाला तांब्याची रिंग, तिनं सूर गोल होतो. खालच्या अंगाला घट्ट दोरा, तो सूर धरून ठेवतो.

शिलानं पळी शोधली. उरलेला दांडा सापडला, तो माझ्या मनगटावर बसला. मनगट सुजलंय, बोटं वळत नाहीत. तिच्या घराण्यातच मारकुटेपणा आहे. सहन केलं. शेवटी शांत माणसालाच सहन करावं लागतं.

९ सप्टेंबर, पोळा

मनगटाची सूज उतरली. बासरी आता वाजते! तीन भोकं साफ, बाकीची मोकळी होतायत. पब्लिकसमोर पहिला कार्यक्रम म्हणून काकांच्या बैलजोडीपुढं वाजवायचं ठरवलं. झूल, बाशिंग, सगळा थाट. मी वरचा सूर लावला. डावा बैल बिथरला. म्हणजे आवाज पोचला. प्लास्टिकनं बैल हलला असता का?

बैलानं मला मागून शिंगावर घेतलं आणि मारुतीच्या ओट्यावर टाकलं. बसता येत नाही, म्हणून हे उभ्यानं लिहितोय. बैलाला सोडवायला काका धावले, त्यांचा पाय लचकला. तरी मलाच विचारत होते, लागलं का लेकरा? मी म्हणालो, बासरीला काही झालं नाही.

गुलाबचंद लांबून हसत होता. त्याला काही केलं नाही. उठताच येत नव्हतं.

१४ सप्टेंबर, गणपतीचा दुसरा दिवस

कट आहे. सकाळी पितळेच्या भोकाची कड गुळगुळीत लागली. शिलानं कबूल केलं. भाऊ आला होता, गोल कानस घेऊन. दाजीचा ओठ रोज कापून राहिला, बघवत न्हाई म्हणे. माझ्या इंस्ट्रुमेंटला हात! लागलीच गाठलं. तो शिडीवर चढून वायर ओढत होता. मी शिडी हलवली. तो पडला, पण माझ्यावरच पडला. बरगडी दुखते.

खाली पडूनच मी चॅलेंज दिलं. येत्या रविवारी देवळात टेस्ट. मध्ये चादर धरायची, चादरीमागं तिन्ही बासऱ्या वाजवायच्या: पितळेची, काकांकडची बांबूची आणि तो पाईप. माप तिन्हींचं एकच आहे. लोकांनी नुसतं ऐकून सांगायचं, भारी कोणती. जिंकेल तो परभणीला जाईल. गुलाबचंद माझ्या अंगावरून उठत म्हणाला, चालतंय.

काकांना पसंत नव्हतं. भजन हाय का कुस्ती, म्हणाले. पण भांडण मिटत असेल तर करा.

१९ सप्टेंबर, रविवार, सकाळी

आज शेवट. दाढी केली. शिलाला म्हणालो, संध्याकाळी रेडिओ आर्टिस्टची बायको होशील. ती म्हणाली, तुमी नुसतं मार न खाता घरी या.

२१ सप्टेंबर, वसमत, दवाखाना

आज लिहिता येतंय. बोलता येत नाही.

जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते दिसेल.

काकांच्या मंडळी सखुकाकू, त्यांनी चादर दिली. दोघांनी ती धरली. देऊळ भरलेलं. आधी गुलाबचंद चादरीमागं गेला. एकच अभंग तिन्हींवर वाजवला. पहिली झाली. दुसरी लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. मी उठून ओरडलो, हीच पितळ! ऐका वजन, ऐका घंटा! तिसरी मला हलकी वाटली, पोकळ. लोक म्हणत होते, आमाला तर तिन्ही सारख्याच वाटून राहिल्या. चादर खाली घेतली. दुसरी होती वायरिंगचा पाईप. पितळेची तिसरी.

लोक हसले. माझ्या मते गुलाबचंदनं हाताची चलाखी केली. मी म्हणालो, आता मी वाजवतो, खरा फरक तेव्हा कळेल.

चादरीमागं बसलो. श्वास शांत केला. पहिली घेतली, बांबूची. दोन सूर झाले नसतील, बाहेरून आवाज आला, फाटला! दुसरी घेतली. फाटला! तिसरी नुसती ओठाला लावली, फुंकायच्या आधीच पोरं ओरडली. सखुकाकू म्हणाल्या, तिन्ही येकच तर हायेत, फुंकणारं येकच हाय. अख्खं देऊळ हसत होतं. एकटे काका हसत नव्हते. ते चादरीजवळ आले आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, पाईपाचा दोष न्हाई बाबा. तू सुराला फुंकत न्हाईस, मारतोस. राग उतरव, मी शिकवतो तुला.

हे ते नंतर म्हणाले असते तर चाललं असतं.

मी चादर फाडून बाहेर आलो. पितळेची हातात होती. समोर गुलाबचंदचे दात दिसत होते. मी फिरवली. काका दोन्ही हात पसरून मध्ये आले, न्हाई रे देविदास, न्हाई रे. बासरी त्यांच्या खांद्याजवळ बसली. आवाज झाला. ओली फांदी मोडते तसा. काका खाली बसले. ओरडले नाहीत, नुसते पेटीकडं बघत राहिले.

मग गुलाबचंदनं मला मारलं. समोरचे वरचे दोन दात गेले, ओठ शिवलाय. मग बाकीच्यांनी मारलं. कोण कोण ते दिसलं नाही, डोळा बंद झाला होता. कुणीतरी टाळ घेऊन पण मारत होतं. भजनाच्या माणसांना शोभतं का?

पितळेला मात्र साधा पोचाही आला नाही. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर

घरी आलो. शिला माहेरी गेलीय. जाताना म्हणाली, माझ्या भावाला मारलं, मी गप्प बसले. त्या म्हाताऱ्यानं काय केलं होतं? मी तोंडाच्या पट्टीतून सांगितलं, मध्ये यायला नको होतं. तिनं पिशवी उचलली.

राग निवळला की येईल. तिचा राग फार वाईट.

३ ऑक्टोबर

काकांना भेटून खुलासा करायचा. माफी नाही, खुलासा. मुद्दे पाठ केले. पितळ जड असतं. जड वस्तूला गती आली की ती थांबवता येत नाही, हे सायन्स आहे. मी त्यांना मारलंच नाही, ते मध्ये आले. कुणीही समजदार माणूस हे मान्य करील. तोंडानं नीट बोलता येत नाही, 'स' म्हणताना हवा सुटते. तरी सांगायचंच.

५ ऑक्टोबर, मंगळवार

कुरुंद्याला गेलो. सखुकाकू दारात. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांचा हात वर होत न्हाई, मी न्हाऊ घालून राहिले. आलाच आहात तर चुलीवरचं पाणी आणा.

पाणी नेलं. काका न्हाणीत पाटावर बसलेले, पाठ माझ्याकडे. दवाखान्यानं दिलेला हाताचा पट्टा खुंटीला. खांद्यापासून खाली जांभळं, कडेनं पिवळं झालेलं. हाड मोडलं तिथं उंचवटा. याच हातानं ते पेटीचा भाता ओढायचे.

न बघता म्हणाले, देविदास का? मी हो म्हणालो. परभणीचं काय झालं विचारलं. दुसऱ्या मंडळाला दिलं त्यांनी, म्हणाले. बरोबरच हाय, पेटी कोण वाजवणार. मग म्हणाले, तुझे दात गेले म्हणे. मान वळवता येत नव्हती त्यांना, म्हणून मी पुढं जाऊन तोंड उघडून दाखवलं. त्यांनी बघितलं. लई तकलीफ होते का रे, म्हणाले.

मी तोंड मिटलं.

सखुकाकूंनी साबण माझ्या हातात दिला आणि त्या भाकरी थापायला गेल्या. पितळेचं बोलायचं राहिलं.

पाठ चोळायला घेतली. काका म्हणाले, हळू रे.

हळूच चोळत होतो. तरी त्यांना दुखलं.