अण्णांची दुपारची भूक

अण्णा,

रविवारी सकाळी डब्यात बावीस शंकरपाळे होते, संध्याकाळी सात उरले. मी रागावले नाही. तुमची साखर वाढली म्हणून मी भात कमी केला, पण पोट भरेल असं काही वाढलंच नाही. “वाढतेस की वजन करतेस?” म्हणालात, ते बरोबर होतं.

सोमवारपासून उसळ-भाकरी सुरू केली, तशी आजही झाकून ठेवली आहे. सावकाश खा.

रविवारी दुपारी अर्धवट झोपेत मला डब्याच्या झाकणाचा आवाज आला होता. आई अजून आहे, स्वयंपाकघरात आहे असं वाटलं, म्हणून डोळे मिटून तशीच पडून राहिले.

कॉलेजला निघाले. लघवीतली साखर सोमवारी दोन टक्के होती. आज सकाळी तपासली, अर्धा टक्का.

उत्तरा