सुशीलाच्या वहीतलं वाक्य

५ फेब्रु. १९९६, उधना, सुरत
दुपारी बायकांचा इंग्रजी वर्ग घेतला. सहाजणी. आजचा शब्द ‘एनलायटनिंग’. ज्यातून आधी न कळलेलं कळतं ते. भाषण, पुस्तक, अनुभव यांना लावायचं. नुसतं छान वाटलं म्हणून नाही.
कमलमावशी म्हणे, “मंग सासूले लावता येई का?” खूप हसलो. वाक्य घरून आणायचं.

७ फेब्रु.
शेजारच्या सुशीलाचं वाक्य: माय हजबंड्स बीटिंग वॉज एनलायटनिंग.
“काय कळलं त्यातून?”
“माझं चुकतं म्हणून मारतो, वाटायचं. परवा काहीच चुकलं नव्हतं.”
उपयोग अगदी बरोबर. लाल पेनाने खूण केली.

८ फेब्रु.
सुशीलाचा नवरा रमेशभाऊ रात्रपाळीहून आला आणि सुरू. लूमचा चामडी पट्टा. मग भांडी. मग तिचं डोकं भिंतीवर. आमच्या बाजूचं कॅलेंडर हललं. उठले, तर आईने मनगट धरलं. “त्यासना घरमा तू जाऊ नको.”
मी घरातली पहिली बी.ए. कॅलेंडर सरळ केलं. बस्स.

९ फेब्रु.
दुपारी तोच सुशीलाची वही घेऊन दारात. गल्लीतली गुजराती लाइटबिलं, इंग्रजी कागद मीच वाचून देते ना.
“ताई, हाई काय लिखेल शे? ती घोकत होती. हजबंड म्हणजे मीच ना?”
वाचलं, “माझे पती फार मेहनती आहेत.”
“आन् लाल खूण?”
“बरोबर आहे म्हणून.”
पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा खोटं सोपं गेलं.

१० फेब्रु.
सुशीला आली. ओठ फाटलेला, बोटं काळीनिळी.
“टपरीवर सांगत फिरतो, बायको कौतुक लिहिते. आज मारताना म्हणाला, मेहनती माणसाचा हात आहे, लागणारच. तुम्ही खरं का नाही वाचलं?”
“जीव घेतला असता त्याने.”
“घेतोच आहे. निदान माझ्या वाक्यासाठी घेतला असता.”
इंग्रजीखाली तिने मराठीत लिहून आणलंय. तो चौथी शिकलाय, वाचेल. ‘तुमच्या मारण्यातून मला कळलं की चूक माझी नव्हती.’
“तपासून ठेवा. उद्या तो झोपून उठला की त्याच्यापुढे ठेवणार.”
आमच्याकडे राहा म्हटलं. “का? ते घर माझं नाही?”

११ फेब्रु., दुपार
वाक्यात दुरुस्तीला काही नाही. आई म्हणते, वही हरवली सांग. सुशीला दारात उभी आहे, हात पुढे करून. वही द्यायची, पण तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच ठरलंय. चप्पल घालून हे लिहितेय. पलीकडे तो खाकरला. उठला.