दुनळीची डावी नळी

बाबा,

काल माझ्याकडे एक दुनळी आली. ठासणीचीच, तोंडाकडून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची. आता अशा बंदुका दसऱ्याला पूजेपुरत्याच बाहेर निघतात. नळ्या दस्त्यापासून सोडवून मी तेलाचं बोट फिरवलं आणि गंजाखालून त्या नागमोडी रेघा वर आल्या. कोणत्या दूरच्या कारागिराने लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून एकजीव केल्या असतील! पन्नाशी जवळ आली तरी हे पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात. मी लहान होतो तेव्हा पहिल्यांदा बुडाचे पेच काढून मोकळी नळी तुम्ही आभाळाकडे धरलीत आणि म्हणालात, "पाह्य." आत उजेडाची वलयं एकात एक बसली होती, थेट दुसऱ्या टोकापर्यंत. एक वलय जरासं वाकडं होतं. "तिथं पोचा हाये. बाहेरून हाताले लागत नाई." गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावले आणि मूर्ती दिसू लागली की होतं, तसं काहीसं झालं होतं.

चौथीपर्यंतच्या शाळेत मला जे शिकवलं ते पुष्कळसं विसरलो; तुमचं काही विसरलो नाही. नळ्या दोरीला टांगून तुम्ही लाकडाची टिचकी मारायचात. सांधा पक्का असला तर टाळासारखा आवाज घुमायचा, उसवला असला तर किरकिरायचा. पण त्या सगळ्याच्या आधी गज. एका नळीत घालायचा, तोंडाशी नखाने खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीवर ठेवून बुडापर्यंत पोचतो का पाहायचं. कमी पडला तर आत बार भरलेला आहे. मग दुसरी नळी, पुन्हा तसंच. जळगाव जामोदच्या बाजारापासून डोंगराखालच्या गावांपर्यंत तुम्ही "रिकामी" म्हणालात की बंदूक रिकामी. पुन्हा कोणी पाहत नसे.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तेव्हा दोन लेकरांचा बाप, हात बसलेला, आणि त्याचा थोडा ताठाही. दसरा आठ दिवसांवर. तुम्ही कोळसा आणायला गेला होतात. डोंगराखालचे एक पाटील बंदूक घेऊन आले. "माह्या बापानंतर हिचा बार कोणी ऐकला नाई. यंदा दसऱ्याले काढायचा हाये." मी उजव्या नळीत गज घातला. बुडापर्यंत गेला. "रिकामी हाये, पाटील," म्हणालो. ते चहाला गेले.

बुडाचे पेच गंजून बसले होते. ते सैल करायला बूड भट्टीत तापवायचं म्हणून मी भाता मारतो आहे, निखारे लाल झाले आहेत, आणि तुम्ही दारात कोळशाचं पोतं टेकवता.

"थांब बे. दोन्ही पाह्यल्या?"

"हाव."

"डावी?"

"पाह्यली म्हनलं ना!"

तुम्ही वाद घालत नाही. गज उचलता, डाव्या नळीत सोडता, नखाने खूण धरता, बाहेर ठेवता. गज बुडापासून चार बोटं अलीकडेच संपतो.

माझ्या हातातला भाता कधी थांबला मला आठवत नाही. तुम्ही नळीत पाणी ओतलंत, दारू भिजू दिलीत, गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आतलं ओढून काढलंत. काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा काथ्या, आणि मग काळा चिखल. दर दसऱ्याला त्या घरातल्या बायका नळीच्या याच तोंडात झेंडू खोवत होत्या, लेकरं वाकून डोकं टेकवत होती. "देवानं हात धरला बे तुहा," एवढंच म्हणालात.

पाटील परत आले तेव्हा तुम्ही तो चिखल त्यांच्यापुढे ठेवलात.

"तुह्या पोरानं तं मले रिकामी सांगतली!"

"त्याले मीच सांगतलं होतं. सकाळी मी पाह्यली. चूक माही."

सकाळी ती बंदूक दुकानात आलीच नव्हती, पण रागात पाटलांच्या ते ध्यानात आलं नाही. "मंग आता चष्मा घे मिस्त्री, नाई तं दुकान पोराले देऊन टाक. त्याले तरी दिसते."

तुम्ही मान डोलावलीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

त्यानंतर लोक तुमच्यासमोर स्वतः गज घालून पाहू लागले. तुम्हीच गज पुढे करायचात, हसून. "पाहा, पाहा. दोन्ही पाहा." एवढ्या वर्षांचा शब्द तुम्ही माझ्यासाठी त्या चिखलात टाकलात आणि घरी येऊन नेहमीसारखी भाकर खाल्लीत. मी रोज देवापुढे बसतो, पण असं देणं मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही तर गेलात, हा कागद कुठे पाठवणार? घडी करून पेटीत ठेवीन. मात्र एक गोष्ट तुम्हाला कधी कळली नाही. त्याच आठवड्याच्या बाजारात एकाने मला विचारलं, "काऊन गा, तुह्या बापाची नजर गेली म्हंते?"

मी म्हणालो, "हाव. थोडी."