खारट भिंत

दि. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शी! काल बालवाडीच्या उद्घाटनाला तुम्ही चारचौघांत भिंत चाटलीत. पाहुण्याबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मी या इमारतीची इंजिनीअर, आणि तुम्ही माझे सख्खे काका! वर मोठ्यानं सांगितलंत की भिंत खारट आहे.

उपसून उपसून नदीचं वाटोळं झालं, म्हणून आम्ही समुद्राची वाळू गोड्या पाण्यानं धुवून वापरली. प्रत्येक खेपेला धुतल्याचा दाखला आहे, खाली माझी सही आहे. तुम्ही चाटलात तो भिंतीवरचा पांढरा थर नव्या गिलाव्याचा असेल. तुम्ही चाळीस वर्षं गवंडीकाम केलंत, मान्य. पण आता जिभेनं चाचणी करत नाहीत. पंधरा तारखेला मुलं येणार आहेत. तेव्हा तरी येऊ नका.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलेली तरी तुमचीच,
मिरची

दि. ८ फेब्रुवारी

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मलाही किळस आली. भिंतीची नव्हे, ती मी जन्मभर चाखली. तुझ्या दाखल्याची आली. बोललो ते कानात सांगायला हवं होतं, एवढं चुकलं. पाहुण्याबाईंना सांग, म्हातारा उपाशी होता.

वाळू खरंच धुतली असतीस तर मीच तुझी पाठ थोपटली असती. पण तो थर लोणा आहे, भिंतीतून फुटलेलं मीठ, पोरी. मीठ आतली सळई खातं. सळई गंजून फुगते, काँक्रीट फोडते आणि छताच्या ढलप्या खाली पडतात. खाली सतरंजीवर कोण बसणार, ते तू लिहिलंच आहेस. वाळू धुताना तू तिथं उभी होतीस का, एवढंच कळव.

लहानपणी वाळूची पहिली चिमूट तूच जिभेवर ठेवायचीस आणि थू थू करत नाचायचीस. तेव्हा घाण वाटत नव्हती.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
काका

दि. १४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नव्हते उभी. रोज कोण चकरा मारणार म्हणून शंभर कोऱ्या दाखल्यांवर एकदाच सह्या करून मी ते मुकादमाकडे दिले होते. आज धुण्याचा हौद बघायला गेले. तळाशी कोळिष्टकं, आणि नळ अजून जोडलेलाच नाही. मुकादम हसून म्हणाला की बाईंची सही होती, मग पाणी कशाला घालवायचं. त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझी.

तिथून बालवाडीत गेले. खांब खरवडून चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. चार वेळा चूळ भरली, तरी चव जात नाही. नमुने तपासायला धाडलेत. पण जिभेनं सांगायचं ते सांगितलं.

दाराला कुलूप लावलं. साहेबांना सगळं लिहून दिलं, कोऱ्या सह्यांसकट. नोकरी बहुधा जाईल. मग दारावर कागद चिकटवला की इमारत धोक्याची आहे, उद्या मुलांना आणू नये. खाली सही केली. काका, या कामावरची ही एकच सही मी बघून केली आहे.

तोंड गोड करायला या, असं लिहायला तोंड नाही. तरी या.

तुमची,
मिरची